आदेश क्रमांक २२७ : एका गेमचे दोन निवाडे आणि राहून गेलेला तिसरा

#थ्रेड

१/
२८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने आदेश क्रमांक २२७ वर सही केली. ‘एक पाऊलही मागे नाही’ या त्यातील घोषणेमुळे तो जगभर ओळखला जातो. बरोबर ७१ वर्षांनी, २०१३च्या जुलै महिन्यात, हाच आदेश पुन्हा एका वादाच्या केंद्रस्थानी आला. या वेळी निमित्त ना एखाद्या ग्रंथाचे होते, ना चित्रपटाचे. निमित्त होते एका व्हिडिओ गेमचे. ‘कंपनी ऑफ हीरोज २’ हे त्याचे नाव. त्या गेमचे स्वागत कसे झाले, कोणी कोणत्या निकषावर त्याला जोखले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रकरणातून काय शिकता येते, याविषयी हा धागा.

२/
ज्यांचा या खेळप्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ प्रकारात खेळाडू एका सैनिकाच्या नव्हे, तर सेनापतीच्या जागी असतो. रणांगण वरून दिसते. तुकड्या उभ्या करायच्या, मोक्याच्या जागा ताब्यात घ्यायच्या, रसद सांभाळायची. बुद्धिबळाप्रमाणे येथे पाळीपाळीने चाल नसते. आपण विचार करत असताना शत्रूही हालचाल करत असतो. ‘कंपनी ऑफ हीरोज’चा पहिला भाग २००६ साली आला. कॅनडातील व्हँकुव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंटने तो घडवला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेली अमेरिकी तुकडी हा त्याचा विषय होता.

३/
पहिल्या भागाला मिळालेली दाद असाधारण होती. समीक्षकांच्या गुणांची सरासरी मांडणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याचे गुण ९३ आहेत. त्यामुळे दुसऱ्या भागावर अपेक्षांचे ओझे होते. त्यात मूळ प्रकाशक टीएचक्यूने डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि जानेवारी २०१३च्या लिलावात रेलिक सेगाच्या मालकीची झाली. अखेर २५ जून २०१३ रोजी दुसरा भाग बाजारात आला. या वेळी रणभूमी बदलली होती. नॉर्मंडीऐवजी पूर्व आघाडी आणि अमेरिकी सैनिकांऐवजी सोव्हिएत लाल सेना. पाश्चात्त्य गेमविश्वात लाल सेनेला मध्यवर्ती स्थान मिळणे ही तशी दुर्मीळ गोष्ट होती.

४/
पाश्चात्त्य समीक्षकांनी दिलेला पहिला निवाडा एकंदरीत अनुकूल होता. मेटाक्रिटिकवरील सरासरी ८०. कौतुक झाले ते प्रामुख्याने हिवाळ्याचे. बर्फात पावले रुततात, शेकोटी नसेल तर पायदळ गारठून मरते, गोठलेल्या नदीवर तोफगोळा पडला की बर्फ फुटतो आणि वरचा रणगाडा तळाशी जातो. सैनिकाच्या नजरेच्या टप्प्यात जे येते तेवढेच खेळाडूला दिसावे, या नव्या योजनेचीही वाखाणणी झाली. भिंतीआड दडलेला शत्रू आता खरोखरच दडलेला राहू लागला.

५/
तक्रारीही होत्या. पहिल्या भागाच्या तुलनेत फारसे नवे काही नाही, कथेतील मोहिमा ठरावीक साच्याच्या आहेत, पुढे विकण्यासाठी सेनानायकांचे वेगळे संच राखून ठेवले आहेत, अशा त्या तक्रारी. त्या रास्त असतीलही. परंतु लक्षात घ्या, हे सारे आक्षेप वस्तू म्हणून गेम कसा आहे याविषयीचे होते. यंत्र नीट चालते का, पैसे वसूल होतात का, मित्रांसह खेळताना मजा येते का. ज्या युद्धात सुमारे २ कोटी ६६ लाख सोव्हिएत नागरिक आणि सैनिक मृत्यू पावले, त्या युद्धाविषयी हा गेम काय सांगतो, हा प्रश्न बहुतेक परीक्षणांत एखाद्या परिच्छेदापुरताच आला.

६/
गेम काय सांगतो ते पाहू. कथेचा नायक लेफ्टनंट लेव्ह अब्रामोविच इसाकोविच. साल १९५२. तो सायबेरियातील गुलागमध्ये कैदी आहे आणि त्याचा जुना वरिष्ठ कर्नल चुर्किन त्याची चौकशी करत आहे. चौकशीतून आठवणी उलगडतात आणि एकेक आठवण म्हणजे एकेक मोहीम. स्टालिनग्राडपासून बर्लिनपर्यंत. या आठवणींत माघार घेणाऱ्या स्वकीयांवर गोळीबार आहे, स्वतःच्याच देशातील घरांना लावलेली आग आहे, पोलंडमधील भूमिगत सेनेशी केलेला दगाफटका आहे. विजयाच्या कथेला गुलागची चौकट देणे ही लेखकांची स्पष्ट भूमिका होती: या सैनिकाला दोन शत्रू होते, एक समोर आणि एक पाठीशी.

७/
आणि मग तो नियम. कथेतील मोहिमांत खेळाडू सक्तीने भरती केलेल्या सैनिकांची नवी कुमक बोलावतो तेव्हा काही काळापुरता ‘आदेश २२७’ लागू होतो. त्या अवधीत एखाद्या तुकडीला माघारीचा हुकूम दिला, तर ती तळावर पोहोचताच गोळ्या घालून ठार केली जाते. म्हणजे हा आदेश येथे केवळ चित्रफितीत दिसत नाही; तो खेळाच्या यंत्रणेचा भाग आहे. कुमक बोलावली की घड्याळ सुरू. तीच कृती, तोच परिणाम, पुन्हा पुन्हा.

८/
दुसरा निवाडा रशियन भाषक खेळाडूंनी दिला. ‘बॅडकॉमेडियन’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्रपरीक्षक येव्हगेनी बाझेनोव्ह यांनी गेमवर कडाडून टीका करणारी चित्रफीत प्रसृत केली. लाल सेना म्हणजे जणू स्वतःच्याच माणसांची कत्तल करणारी टोळी, असे चित्र रंगवल्याचा त्यांचा आरोप होता. विक्री थांबवण्यासाठी ऑनलाइन याचिका सुरू झाली. मेटाक्रिटिकवर सामान्य वापरकर्त्यांचे गुण १० पैकी ३च्याही खाली घसरले. एकाच पानावर समीक्षकांचे ८० आणि वापरकर्त्यांचे ३ पेक्षा कमी. एवढी दरी क्वचितच दिसते.

९/
जुलैच्या अखेरीस रशिया आणि शेजारच्या माजी सोव्हिएत देशांत गेमचे वितरण करणाऱ्या १सी-सॉफ्टक्लब कंपनीने संगणकावरील आवृत्तीची विक्री थांबवली. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. ही सरकारी बंदी नव्हती. ग्राहकांच्या रोषामुळे एका खासगी वितरकाने घेतलेला तो निर्णय होता. पाश्चात्त्य वार्तांकनात त्यावर ‘राष्ट्रवाद्यांचा कांगावा’ अशी छटा चढली, तर रशियन चर्चेत ‘पश्चिमेने आमच्या आजोबांचा अपमान केला’ अशी. दोन्ही बाजू आपापल्या खंदकात बसल्या.

१०/
माझे मत असे की दोन्ही निवाडे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होते. समीक्षकांनी विचारले, ‘खेळ रंगतो का?’ विरोधकांनी विचारले, ‘आमचा अपमान होतो का?’ तिसरा प्रश्न राहून गेला: ‘हे प्रमाणात खरे आहे का?’ आदेश २२७ खरा होता. गोळ्या घातल्या गेल्या हेही खरे. परंतु एखादी गोष्ट घडली हे दाखवणे वेगळे आणि ती गोष्ट नियम म्हणून मांडणे वेगळे. गेम हे माध्यम चित्रांपेक्षा नियमांतून बोलते. म्हणून त्याची ऐतिहासिक चिकित्सा नियमांपाशीच व्हायला हवी. ती येथे करून पाहू.

११/
प्रथम पार्श्वभूमी. १९४२च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य दक्षिणेकडे मुसंडी मारत होते. जुलैच्या अखेरीस रोस्तोव्ह पडले आणि कॉकेशसच्या तेलविहिरींचा मार्ग मोकळा झाला. माघार कधी शिस्तीत होत होती, कधी विस्कळीत. अशा क्षणी निघालेल्या या आदेशाचा सूर भयभीत सत्तेचा होता: आणखी मागे हटलो तर धान्य, लोखंड, कारखाने आणि माणसे, सारेच हातचे जाईल. आदेश वृत्तपत्रांत छापला गेला नाही. तो तुकड्यांसमोर वाचून दाखवला गेला. त्याची संपूर्ण संहिता सोव्हिएत वाचकांना छापील स्वरूपात मिळाली ती थेट १९८८ मध्ये.

१२/
आदेशातील तरतुदी नेमक्या होत्या. दोषी अधिकाऱ्यांसाठी प्रत्येक आघाडीवर १ ते ३ दंड-बटालियन, प्रत्येकी सुमारे ८०० जणांच्या. सामान्य सैनिकांसाठी प्रत्येक सैन्यात ५ ते १० दंड-कंपन्या, प्रत्येकी १५० ते २०० जणांच्या. आणि डळमळीत डिव्हिजनांच्या मागे उभ्या करायच्या ३ ते ५ रोध-तुकड्या, प्रत्येकी जास्तीत जास्त २०० सशस्त्र सैनिकांच्या. भेदरून पळणाऱ्यांना आणि भ्याडांना जागीच गोळ्या घालाव्यात, असे या रोध-तुकड्यांना स्पष्टपणे सांगितले होते. शब्दांत कोठेही संदिग्धता नव्हती. गेमच्या लेखकांनी हा क्रूरपणा कल्पनेतून आणलेला नाही, हे विरोधकांनी मान्य करायला हवे होते.

१३/
आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनकेव्हीडीच्या अहवालानुसार १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळात रोध-तुकड्यांनी १,४०,७५५ सैनिकांना अडवले. त्यांपैकी ३,९८० जणांना अटक झाली, १,१८९ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, २,७७६ जणांना दंड-कंपन्यांत आणि १८५ जणांना दंड-बटालियनांत पाठवले गेले. उरलेल्यांपैकी १,३१,०९४ जण आपापल्या तुकड्यांकडे किंवा संक्रमण केंद्रांकडे परत गेले. म्हणजे शंभरातील ९३. खुद्द स्टालिनग्राड आघाडीवर अडवलेले १५,६४९, गोळ्या घातलेले २७८, परत पाठवलेले १४,८३३.

१४/
या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नये. ते खुद्द दडपशाही यंत्रणेचे आकडे आहेत. एखाद्या अधिकाऱ्याने रणधुमाळीत पिस्तूल काढून केलेली हत्या कोणत्या वहीत नोंदली जाणार? शिवाय रोध-तुकड्यांपलीकडे लष्करी न्यायालये होती. संपूर्ण युद्धकाळात त्यांनी सुमारे १,५८,००० मृत्युदंड सुनावल्याचे मानले जाते. एवढ्या प्रमाणावर स्वतःच्याच सैनिकांना मृत्युदंड देणारी दुसरी दोस्तसेना नव्हती. अँटनी बीव्हर यांनी ‘स्टालिनग्राड’ या १९९८च्या ग्रंथात एकट्या त्या लढाईसाठी १३,५०० हा आकडा दिला; तो कितपत टिकतो यावर अभ्यासकांत वाद आहे. भीती खरी होती. प्रश्न तिच्या आकाराचा आहे.

१५/
आता गेमचा नियम या पुराव्याशेजारी ठेवा. अहवालात अडवलेल्या शंभर जणांत एकालाही, सरासरीने पाहता, गोळी लागत नाही. गेममध्ये त्या ठरावीक अवधीत परतलेल्या तुकडीला हमखास लागते. जे अपवादात्मक पण भयंकर होते, ते येथे यांत्रिक आणि अटळ झाले. कादंबरीत किंवा चित्रपटात असा एक प्रसंग दाखवला, तर तो ‘असेही घडले’ एवढेच म्हणतो. नियम मात्र ‘असेच घडत असे’ म्हणतो. तो खेळाडूला दहा वेळा, वीस वेळा तेच शिकवतो. युक्तिवादाला खोडून काढता येते. सवयीला खोडून काढणे फार कठीण.

१६/
मग नियम कसा असता तर तो इतिहासाशी प्रामाणिक ठरला असता? समजा, पळालेली तुकडी वाटेत अडवली जाते, तिची मोडतोड होऊन दुसऱ्या तुकडीत भरणी होते आणि त्याच खंदकाकडे परत पाठवली जाते. क्वचित, कोणतीही पूर्वसूचना न देता, त्यांपैकी एकाला बाजूला काढले जाते. बंदुकीच्या आवाजापेक्षा ही अनिश्चितता अधिक भेदक ठरली असती. रोध-तुकडीचे मुख्य काम ठार मारणे नव्हते. परतीचा रस्ता बंद करणे हे होते. ही गोष्ट खेळात आणणे अशक्य नव्हते. पण त्यासाठी आदेशाच्या मजकुराइतकाच त्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास हवा होता.

१७/
घरे जाळण्याच्या मोहिमेवरूनही असाच गदारोळ झाला. ‘आपले सैनिक आपलीच गावे जाळतील काय?’ हा विरोधकांचा संतप्त सवाल. उत्तर कागदावर आहे. १७ नोव्हेंबर १९४१च्या आदेश ०४२८ नुसार जर्मन आघाडीच्या मागे ४० ते ६० किलोमीटरपर्यंतची गावे जाळून टाकायची होती, जेणेकरून शत्रूला हिवाळ्यात छप्पर मिळू नये. सोव्हिएत संघाची परमपूज्य वीरांगना झोया कोस्मोदेम्यान्स्काया पेत्रिश्चेवो गावात पकडली गेली ती याच कामगिरीवर असताना. २९ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मनांनी तिला फासावर दिले, तेव्हा ती १८ वर्षांची होती.

१८/
झोयाच्या कथेत दोन सत्ये एकाच चौकात उभी आहेत. तिचे धैर्य निर्विवाद आहे. आणि ज्या गावकऱ्यांची घरे ऐन हिवाळ्यात पेटवली गेली, त्यांची थंडीही निर्विवाद आहे. पुतळा उभारणाऱ्यांना दुसरे सत्य नको असते. ‘काळी बाजू’ दाखवायला निघालेल्यांना पहिले. गेमने आग दाखवली, पण ती लावणाऱ्या हातांमागची निष्ठा त्याला दाखवता आली नाही. विरोधकांना निष्ठा तेवढी हवी होती. आग नको होती.

१९/
एवढे एकसुरी चित्र आले कोठून? त्याची वंशावळ शोधता येते. अगदी अलीकडचा दुवा म्हणजे २००१चा ‘एनिमी अॅट द गेट्स’ हा चित्रपट. दोन सैनिकांत एक बंदूक, समोर जर्मन मशीनगन, मागे स्वकीयांची मशीनगन. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००३ मधील पहिल्या भागाने स्टालिनग्राडचा तोच प्रसंग जवळजवळ तसाच उचलला. एका पिढीला स्टालिनग्राड भेटले ते असे. पुढच्या गेमच्या लेखकांना आणि परीक्षकांनाही ते ओळखीचे वाटले, आणि ओळखीचे ते खरे वाटले.

२०/
त्याही आधीचा दुवा आहे शीतयुद्धाचा. पराभूत जर्मन सेनानींच्या आठवणी पन्नाशीच्या दशकात इंग्रजीत लोकप्रिय झाल्या. गुडेरियन आणि मानस्टाईन ही त्यातील ठळक नावे. जर्मन सैन्याचे माजी सरसेनापतीय प्रमुख फ्रान्झ हाल्डर तर अनेक वर्षे अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम करत होते. या लेखनाचा सूर ठरलेला: आम्ही कौशल्याने लढलो, हिटलरच्या हट्टामुळे आणि शत्रूच्या बिनचेहऱ्याच्या झुंडींमुळे हरलो. इतिहास जेते लिहितात असे आपण म्हणतो. पूर्व आघाडीचा इंग्रजी इतिहास मात्र बराच काळ पराभूतांनी लिहिला. सोव्हिएत दप्तरे बंद होती, त्यामुळे त्याला प्रत्युत्तरही नव्हते.

२१/
नव्वदच्या दशकात दप्तरे खुली होऊ लागली आणि चित्र पालटले. डेव्हिड ग्लांट्झ आणि जोनाथन हाउस यांचा १९९५चा ग्रंथ या बदलाची खूण आहे. जून १९४४च्या ऑपरेशन बाग्रातिओनमध्ये जर्मनीचा ‘आर्मी ग्रुप सेंटर’ अक्षरशः कोसळला, तो केवळ संख्याबळामुळे नव्हे. हुलकावणी, तोफखान्याचे केंद्रीकरण आणि शत्रूच्या खोल पिछाडीपर्यंत घुसण्याचे शास्त्र त्यामागे होते. या शास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक, मार्शल तुखाचेव्हस्की, यांना स्टालिनने १९३७ मध्येच ठार केले होते. ज्या सत्तेने विचारवंत मारला, ती त्याच्या विचाराने जिंकली. सोव्हिएत इतिहासाची खरी शोकांतिका ही अशी असते.

२२/
आणखी एक असमतोल. सोव्हिएत क्रौर्य या गेममध्ये नियम होऊन येते. जर्मन क्रौर्याला तसा नियम नाही. अनेक खेळाडूंच्या सामन्यांत जर्मन बाजू घेतली की हाती येते ते उत्तम पायदळ आणि भक्कम रणगाडे. जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक कैद झाले आणि त्यांपैकी सुमारे ३३ लाख मरण पावले. उपासमारीने, रोगाने, थंडीने, गोळ्यांनी. पकडलेल्या माणसांचे पुढे काय होते, हा विषय खेळाच्या नियमांच्या कक्षेतच येत नाही. सैनिक माघार घेण्यापेक्षा किंवा शरण जाण्यापेक्षा लढत का राहिले, याचे एक मोठे उत्तर त्या ३३ लाखांत आहे. ते वगळले की मागची बंदूक हेच एकमेव उत्तर उरते.

२३/
म्हणूनच रशियन वाचकाचा राग समजून घेता येतो. ज्या देशात जवळपास प्रत्येक घरात युद्धातील मृताचे छायाचित्र आहे, तेथे ‘तुझे पणजोबा पाठीमागच्या बंदुकीच्या धाकाने लढले’ हे विधान केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही. परंतु राग समजणे म्हणजे त्याचा निष्कर्ष मान्य करणे नव्हे. ‘खोटे आहे’ आणि ‘अपमानकारक आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. विरोधकांनी दुसऱ्याच्या जोरावर पहिले सिद्ध झाल्याचे मानले. त्या उताराला शेवट नसतो.

२४/
पुढे काय झाले ते पाहा. मे २०१४ मध्ये रशियाच्या दंडविधानात ‘नाझीवादाचे पुनर्वसन’ हा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत कृतींविषयी जाणूनबुजून खोटी माहिती पसरवणे त्यात समाविष्ट होते. २०१५ मध्ये स्वेर्दलोव्हस्क प्रांतात बीव्हर यांची पुस्तके शालेय ग्रंथालयांतून हटवण्याचे फर्मान निघाले. डिसेंबर २०२१ मध्ये स्टालिनकालीन दडपशाहीची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ संस्था न्यायालयाने विसर्जित केली. हे सारे एका गेममुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण अपमान हाच निकष मानला की त्याची धार शेवटी कोणाच्या गळ्यावर येते, ते येथे दिसते.

२५/
ही प्रवृत्ती एकाच देशाची नाही. २०१८ मध्ये बीव्हर यांच्या त्याच ‘स्टालिनग्राड’च्या रशियन अनुवादाच्या आयातीवर युक्रेननेही बंदी घातली, तिकडे आक्षेप युक्रेनियन सहायकांच्या उल्लेखाला होता. एकाच लेखकाची पुस्तके परस्परांच्या वैरी असलेल्या दोन्ही बाजूंना नकोशी. आणि पाश्चात्त्य समीक्षकांनाही यातून सुटका नाही. आळसाने स्वीकारलेले अर्धसत्य हे सेन्सॉरच्या हाती दिलेले आयते शस्त्र असते. गेममधला नियम जेवढा बेताल, तेवढे ‘सारेच खोटे’ म्हणणे सोपे. आणि ‘सारेच खोटे’ म्हटले की त्यात १,१८९ खरे मृत्यूही वाहून जातात.

२६/
या दोन खंदकांच्या मध्ये उभा राहून लिहिणारा एक माणूस होता. वासिली ग्रॉसमन. ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्करी दैनिकाचे वार्ताहर म्हणून ते स्टालिनग्राडमध्ये होते. सामान्य सैनिकावर त्यांची नितांत श्रद्धा होती आणि राज्यसत्तेविषयी त्यांचा भ्रम पूर्ण फिटला होता. ‘लाइफ अँड फेट’ या त्यांच्या कादंबरीचे हस्तलिखित १९६१ मध्ये केजीबीने जप्त केले. ती परदेशात १९८० मध्ये आणि मायदेशी १९८८ मध्ये, म्हणजे आदेश २२७च्या प्रकाशनाच्याच वर्षी, छापली गेली. ग्रॉसमन तेव्हा हयात नव्हते. धैर्य आणि दहशत एकाच खंदकात राहू शकतात, हे त्यांना दिसले होते. गेमला आणि त्याच्या विरोधकांना ते दिसले नाही.

२७/
‘अहो, गेमच तर आहे, एवढे मनावर काय घ्यायचे?’ असा प्रतिसाद येईल. त्याला उत्तर असे की बर्फाची जाडी, रणगाड्याच्या पोलादाची जाडी, तोफेचा पल्ला यांबाबत हेच गेम अचूकतेचा अभिमान मिरवतात आणि समीक्षकही त्यांना त्याचे गुण देतात. पोलाद मोजून दाखवायचे आणि माणूस अंदाजाने, हे कसे चालेल? आणि आपल्या पिढीचे दुसऱ्या महायुद्धाविषयीचे पहिले ज्ञान पाठ्यपुस्तकातून नव्हे, अशाच पडद्यांवरून आलेले आहे. जे माध्यम शिकवते, त्याची शिकवण तपासलीच पाहिजे.

२८/
हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तेवढा दूरही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला ‘कंपनी ऑफ हीरोज ३’ इटली आणि उत्तर आफ्रिकेत घडतो. त्यात ब्रिटिश सैन्याच्या दिमतीला भारतीय तोफखान्याचा गट आहे. इटलीच्या याच रणभूमीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही माणसे साम्राज्याच्या सैन्यात का गेली? पोटासाठी, परंपरेसाठी, प्रतिष्ठेसाठी? ‘बोलावता येणारी कुमक’ एवढेच त्यांचे रूप कोणी मांडले तर आपणही अस्वस्थ होऊ. त्या वेळी ‘भावना दुखावल्या’ एवढेच म्हणून थांबायचे, की दप्तर उघडायचे, हे आपण आजच ठरवायला हवे.

२९/
म्हणून ऐतिहासिक गेमच्या परीक्षणाकडून तीन अपेक्षा. एक: कथेत काय दाखवले याबरोबर नियमात काय बसवले ते सांगा. दोन: ज्या घटनेचा नियम केला, ती प्रत्यक्षात किती वेळा, कोठे आणि कोणाच्या बाबतीत घडली ते सांगा. तीन: कोणत्या बाजूचे क्रौर्य नियमात आले आणि कोणत्या बाजूचे नियमाबाहेर राहिले ते सांगा. या तीन कसोट्यांवर ‘कंपनी ऑफ हीरोज २’ला ना ८० गुण मिळतील, ना ३हून कमी. खरा दस्तऐवज हाती घेऊन त्याचे खोटे प्रमाण मांडणारा, पण तो दस्तऐवज लाखो तरुणांसमोर आणणारा गेम, असे त्याचे वर्णन होईल.

३०/
आदेश २२७ अन्वये उभ्या राहिलेल्या रोध-तुकड्या २९ ऑक्टोबर १९४४च्या हुकुमाने बरखास्त झाल्या. तोवर आघाडी सोव्हिएत सीमेपलीकडे सरकली होती. अडवले गेलेले १,४०,७५५ सैनिक ना गेममधील प्रेतांसारखे होते, ना स्मारकावरील पुतळ्यांसारखे. ते घाबरले, मागे फिरले, अडवले गेले आणि त्यांतील बहुतेक जण पुन्हा लढायला उभे राहिले. त्यांच्याविषयी याहून कमी सांगणे अन्याय आहे आणि याहून जास्त सांगायला पुरावा हवा. हा गेम तुम्ही खेळला असाल, तर त्या नियमाने तुमच्या मनात कोणते स्टालिनग्राड उभे केले, ते प्रतिसादात अवश्य लिहा. धागा समाप्त.